स्टुडंट व्हिसावरची मुलगी

नोकरी संपून बरीच वर्षे झाली, पण एक मराठी बाई माझ्या टेबलासमोर बसून पोटच्या मुलीबद्दल खोटे बोलली, तो दिवस आजही लख्ख आठवतो.

मी तेव्हा दिल्लीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. देशाचा बाजार खुला झाल्याची हवा होती. शेजारच्या गुडगावात शेतांमधून काचेचे मनोरे उगवत होते आणि आमच्या हद्दीतल्या मार्केटमध्ये जागोजागी ‘स्टडी अब्रॉड’च्या पाट्या झळकत होत्या. सकाळची हजेरी घेऊन, रात्रीच्या नोंदी वाचून, कोर्टात जाणाऱ्यांना रवाना करून मी चहा घेत होतो, तेव्हा त्या बाई आल्या. केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी, सरकारी क्वार्टरमध्ये राहणे. माझ्या नावाची पाटी वाचून मराठीतच बोलू लागल्या.

आमच्या हद्दीतल्या एका एजन्सीने त्यांच्या मुलीला कॉम्प्युटरच्या डिप्लोमासाठी इंग्लंडला पाठवले होते. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला ठरावीक तासच काम करता येते. ती त्याहून कितीतरी जास्त काम करताना छाप्यात सापडली. आता तिला परत पाठवणार होते, आणि पुन्हा व्हिसा मिळणे कठीण होते.

“काय काम करत होती?” मी विचारले.

“लायब्ररीत. पुस्तकं लावायची.”

“दिवसभर?”

“अभ्यासू आहे हो पहिल्यापासून.”

माझा सब-इन्स्पेक्टर रोहतकचा. मराठी येत नसे, पण कान तीक्ष्ण. तो म्हणाला, “सर, मैडम लाइब्रेरी-लाइब्रेरी बोल रही हैं. लाइब्रेरी में छापा कौन मारता है?”

बाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “हॉटेलात आहे ती. खोल्या आवरते. संडास-बाथरूम, सगळं. इथल्या मराठी मंडळात कळलं तर मी तोंड कसं दाखवू?”

“ताई, खोल्या आवरणं हा गुन्हा नाही. पण तक्रारीत लायब्ररी लिहिलीत, तर तुमची केस पहिल्याच दिवशी मरेल.”

मग खरी हकिगत आली. मुलगी तिथे पोहोचली तेव्हा कॉलेज म्हणजे दुकानावरची एक कुलूपबंद खोली निघाली. एजन्सीच्या माणसाने पासपोर्ट काढून घेतला, ‘वर्ग लवकरच सुरू होतील’ असे सांगितले आणि तिला हॉटेलात कामाला लावले. वर्ग कधीच सुरू झाले नाहीत. तिथल्या वकिलाने सांगितले होते की, मुलीची फसवणूक झाली असे भारतातल्या पोलिसांनी तपासाअंती वेळेत कळवले, तर दुसऱ्या कॉलेजात जाण्याची परवानगी मागता येईल. नाहीतर परतीचे विमान.

गुन्हा नोंदवला आणि एजन्सीच्या मालकाला बोलावले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सूट.

“सर, हम तो सिर्फ ॲडमिशन करवाते हैं,” तो म्हणाला. “वो कॉलेज बंद निकला तो हम खुद हैरान हैं. और वहाँ जाकर बच्चे लालच में काम करने लगें, तो हमारी क्या ज़िम्मेदारी? लड़की ने कानून तोड़ा है, सर. आप उसकी माँ को समझाइए.”

माझे रक्त उसळले. पण रक्त उसळणे हा पुरावा नव्हे. फसवणुकीच्या गुन्ह्यात हेतू सुरुवातीपासूनच खोटा होता, हे दाखवावे लागते. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून मला त्याची कबुली नकोच होती. ही मुले शिकायला नव्हे, राबायलाच पाठवली जात होती, हे मला त्याच्या तोंडाशिवाय सिद्ध करायचे होते.

बाईंना पुन्हा बोलावले आणि मुलीशी फोनवर झालेले सगळे बोलणे आठवायला सांगितले. रडत रडत बोलताना त्यांचा चेहरा एकदाच उजळला. “तिथली मुकादम बाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती म्हणे, तुला काही शिकवावंच लागलं नाही. आणि साहेब, घरी हिने स्वतःचं अंथरूण कधी उचललं नाही!”

मग ती हे शिकली कुठे? जाण्यापूर्वी गुडगावला ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’चा कोर्स असायचा, एवढेच आईला माहीत होते. मुलीला फोन लागत नव्हता. मालकाने तर असा कोर्सच नसल्याचे सांगितले.

त्याच एजन्सीची चार मुले महिनाभरात निघणार होती. त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले. चौघांचे उत्तर एकच: कॉम्प्युटर डिप्लोमा, बाकी काही माहीत नाही. पोलिसांशी बोललात तर व्हिसा रद्द होईल, अशी भीती त्यांना घातलेली होती हे उघड दिसत होते. सब-इन्स्पेक्टर बाह्या सरसावू लागला. मी त्याला थांबवले. माझ्या ठाण्यात साक्षीदाराच्या अंगाला हात लागणार नाही, हा माझा नियम होता.

शिपायांच्या बराकीत एक कॉट मोकळी करून घेतली. त्यावर पानिपतची एक सुती चादर टाकली आणि मुलांना एकेक करून आत घेतले. “बेटा, ज़रा ये बिस्तर लगा दे.”

आपल्या घरांत चादर कशी घालतात? झटकायची, पसरायची, कडा गादीखाली कोंबायच्या, झाले. पहिल्या मुलाने चादर ताणली, कोपऱ्याशी कड उचलून तिचा त्रिकोण गादीवर ठेवला, खालचा भाग आत खोचला, मग त्रिकोण खाली सोडून तोही खोचला. कोपरा पाकिटासारखा बसला, जसा मोठ्या हॉटेलात बसवतात तसा. दुसऱ्याने तेच केले. तिसऱ्यानेही तेच, आणि वर पंज्याने सुरकुत्या काढल्या. तिघांपैकी कुणालाही आपले हात काय बोलत आहेत याचा पत्ता नव्हता.

सब-इन्स्पेक्टर कॉटकडे बघत राहिला. “सर, मेरी तो शादी में भी ऐसा पलंग नहीं लगा था!”

चौथा मुलगा लातूरकडचा. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आलेला, पूर्वपरीक्षेतच दोनदा अडकलेला. त्याने चादर हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

“सर, मी घातली तर तुम्हाला कळेल ना?”

“आधीच्या तिघांनी घातली आहे. कळलं आहे.”

तो कॉटवर बसला. “गावात आधी सांगितलं कलेक्टर होणार. मग सांगितलं इंग्लंडला शिकायला चाललो. आता तिसरं खोटं कुठून आणू?”

“आणू नकोस,” मी म्हणालो. “खरं सांग. लाज तुला वाटायची काही गरज नाही. ज्याला वाटायला हवी, तो एजन्सीत सूट घालून बसलाय.”

तो बोलला. सगळे बोलला. ते ऐकून बाकीचे तिघेही बोलले.

कोर्स जिथे चालायचा, तो गुडगावातल्या एका नव्या सोसायटीतला फ्लॅट लातूरच्या मुलाने दाखवला. तिथल्या स्थानिक ठाण्याला कळवून, पंच सोबत घेऊन आम्ही आत शिरलो. दिवाणखान्यात ओळीने पलंग, सगळे कडक घातलेले, आणि एकावरही कुणी झोपल्याची खूण नाही. न्हाणीघरात ब्रश आणि बादल्या मांडलेल्या. खोल्या आवरायला शिकवणारी बाई जागेवरच सापडली. घरात कॉम्प्युटर एकही नव्हता. पंचनामा करताना माझ्या सब-इन्स्पेक्टरने रागाने एकेक ब्रश, एकेक बादली मोजून लिहिली. मला त्याचा अभिमान वाटला.

मालकाला अटक झाली. आमचा अहवाल वरिष्ठांमार्फत इंग्लंडला गेला आणि मुलीचे परत येणे टळले. तिला दुसऱ्या, खऱ्या कॉलेजात प्रवेश घेऊ दिला. काम तिने सोडले नाही. नियमात बसेल तेवढे तास ती हॉटेलात जायची, उरलेल्या वेळात शिकायची.

साक्षीसाठी ती सुटीत दिल्लीला आली. आरोपीच्या वकिलाने तिला पार खाली पाडायचे ठरवले होते. भरल्या कोर्टात त्याने हसत विचारले, “तो आप वहाँ टॉयलेट साफ करती थीं?”

माझ्या शेजारी बसलेल्या तिच्या आईने डोळे मिटून घेतले.

मुलगी म्हणाली, “जी. बहुत अच्छे से करती थी. आज भी करती हूँ, उसी से पढ़ती हूँ. इस आदमी ने मुझे काम दिया, उसकी शिकायत नहीं है. इसने मेरी क्लास चुराई है.”

वकील कागद गोळा करून खाली बसला. पुढे मालकाला शिक्षा झाली.

मी नोकरीत पदके पाहिली, तीही चांगली असतात. पण या केसने मला जे शिकवले ते कुठल्याच प्रशिक्षणात नव्हते. त्या एजंटचा धंदा कुलूपबंद कॉलेजांवर चालत नव्हता, आपल्या लाजेवर चालत होता. झाडू हातात घेतलेली मुलगी घरी सांगणार नाही आणि आई शेजाऱ्यांना सांगणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती. स्वतः राबून शिकणाऱ्या मुलांना मान खाली घालायला लावणारा समाज अशा माणसांचा भागीदार असतो. हे मी तेव्हा ठाण्यातल्या माझ्या माणसांना सांगितले, आजही जो ऐकेल त्याला सांगतो. साक्ष झाली त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडताना ती मुलगी आईच्या पुढे चालत होती, ताठ. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माझ्या सब-इन्स्पेक्टरने तिला सॅल्यूट ठोकला. तो नियमात बसत नव्हता. मीही हात वर नेला.