वाघाटीकडे पाठ

चंद्रपूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या वहीत पाच प्राणिसंग्रहालये नोंदलेली होती आणि वाघाटी पाहिली की नाही, या रकान्यात प्रत्येकापुढे 'नाही' होते. वाघाटी म्हणजे घरच्या मांजराहून लहान, ठिपक्यांचे रानमांजर. सगळीकडे पाटी दिसली, लाकडी खोका दिसला, ती दिसली नाही.

मूलमार्गे गडचिरोलीला जाताना सावलीच्या अलीकडे एक लहानसे प्राणिसंग्रहालय आहे, माझ्या यादीतले सहावे. थर्मास मूलच्या स्टँडवर विसरल्याने चहावाचून दोन तास पिंजऱ्यासमोर बसले. मारोतीभाऊ नावाचे रखवालदार भाताचा डबा सोडत म्हणाले, "बाई, तुमी टक लावून पाहून राह्यल्या, ते कायले निंगते? पाठ करून बसा."

"पाठ केली तर मला दिसणार कशी?"

"तुमाले नाई दिसनार. पन ते निंगंल."

त्यांनी पानावर भात आणि लाखोळीची डाळ वाढली. तेवढ्यात जवळच शेत असलेल्या शेवंताबाई टोपली घेऊन आल्या. टोपलीत डोळे नुकते उघडलेले वाघाटीचे पिल्लू. त्यांच्या बांदीत (धानाच्या वाफ्यात) कापणी चालू होती, तिथेच ते सापडले होते.

"आई नाई त्याले," त्या म्हणाल्या. "सकाळपासून पाह्यलं."

"दिसंल कशी, शेवंताबाई? पंधरा बाया इळे घेऊन उभ्या तिथी." मारोतीभाऊंनी हात पुसले. "आज दिवस बुडायच्या आत जागेवर गेलं तं आई नेईल. नाई तं त्या खोक्यात जलम जाईल याचा."

गडचिरोलीसाठी ठरवलेली माझी जीप बाहेर उभी होती. ती बांदीकडे घ्यायला सांगितली; ड्रायव्हर कुरकुरला, मी ऐकले नाही.

बांदीत पोचलो तेव्हा ऊन धुऱ्यावर (बांधावर) आले होते. शेवंताबाईंनी पिल्लू सापडले होते तिथेच, कापलेल्या धानाच्या आडोशाला टोपली ठेवली. कापणीच्या बाया पलीकडच्या धुऱ्यावर ओळीने बसल्या, टोपलीकडे पाठ करून. मीही बसले.

"बाई, मान वळवाल तं तुमालेच इळा देईन उद्या कापाले," एक म्हातारी म्हणाली. बाकीच्या पदराआड हसल्या.

बराच वेळ काही नाही. मग मागे पेंढा खसखसला. पिल्लू एकदा ओरडले आणि गप्प झाले. सहा गावे फिरून जे पाहायला आले, ते माझ्या पाठीमागे वीस पावलांवर होते. मान ताठ धरली. वही मांडीवर होती, तिच्यावर दोन्ही हात घट्ट दाबून ठेवले.

सूर्य टेकल्यावर शेवंताबाई उठून गेल्या आणि टोपली उलटी करून दाखवली. रिकामी होती.

घरी परतल्यावर वही नीट उतरवून काढली. सहा नावांखाली सातवे लिहिले: सावलीची बांदी. पाहिले की नाही, या रकान्यात 'नाही' लिहिले. पिंजऱ्यांपुढे बसून लिहिलेल्या सहा 'नाही'ची चुटपुट अजून आहे, या सातव्याची नाही.