नव्या बॅनरखालचा मेळावा

नारायणगावच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एका बियाणे कंपनीच्या ताई यायच्या. कंपनीनं नाव बदललं होतं आणि तिच्या शेतकरी मेळाव्यांची वेबसाइट मी नव्यानं करत होतो. पान उघडायला वेळ लागला की ताई स्क्रीनला चुचकारायच्या, "ये गं बाई, लाजू नको."

एकदा पुण्याहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला. जुन्या नावाचा बॅनर दिसतो ते सगळे फोटो काढून टाका म्हणाले. त्यात खोडदच्या बायकांचा मेळावाही जात होता. तो ताईंनी घरोघरी फिरून भरवला होता. ताईंनी समोरचा चहा संपवला. मग एकदम म्हणाल्या, "भाऊ, बॅनर जुना झालाय, बाया न्हाई. मेळावाच परत घेऊ की!"

आणि खरंच घेतला. टोमॅटोच्या शेताकडेला नवा बॅनर लागला. मागं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या होत्या. मी कॅमेरा धरला तशा ताई दटावून म्हणाल्या, "आता कुणी हसायचं न्हाई, साहेबाला फोटू धाडायचाय!" आणि आधी त्यांनाच हसू फुटलं. सगळ्या बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या.

साहेबांनी तोच फोटो पहिल्या पानावर घ्यायला लावला. तो बघायला ताई सगळ्यांना टेम्पोत घालून दुकानात घेऊन आल्या. थोड्या वेळानं पुढचं पान दाखवायला मी माउस हलवला, तर एका आजींनी माझा हात धरला.

"थांब की रं! माझं मला बघून झालं न्हाई अजून."