शिलेदाराची घोडी

तीन वर्षांपूर्वी सारंगखेड्याला तापीच्या काठावर एका सिनेमाचं शूटिंग आलं आणि आमची घोडी कामाला लागली. सिनेमा जुन्या काळातला. दोन राज्यांत लढाई पेटलेली, एका बाजूचा शिलेदार आणि दुसऱ्या बाजूच्या किल्लेदाराची मुलगी चोरून भेटतात, आणि शेवटी तो तिला नदीकाठी सोडून कायमचा निघून जातो. घोडी शांत हवी होती, म्हणून ते लोक आबांकडे, माझ्या वडिलांकडे आले. मी धडगावला सरकारी कचेरीत कामाला आहे; त्या आठवड्यात रजा काढून घरी आले होते.

निरोपाचा प्रसंग सकाळपासून चालला होता. नायिकेने तीन दिवस घोडीला स्वतःच्या हाताने केळी भरवलेली. त्यामुळे शिलेदाराने डोळे पुसून टाच मारली, की घोडी दहा पावलं जायची, वळायची आणि नायिकेच्या खांद्यावर नाक ठेवून उभी राहायची. चौथ्यांदा तसंच झालं तेव्हा नायिकेला हसू आवरेना. दिग्दर्शक डोकं धरून बसला. शेवटी आबांनी मला हरभऱ्याचा तोबरा देऊन लांब बाभळीआड उभं केलं. पुढच्या खेपेला घोडी अशी सुटली, की शिलेदाराचा फेटा वाटेतच पडला. माझ्यापाशी येऊन तो शिलेदार थांबला तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, पण भीतीचं.

जेवताना आबांनी दिग्दर्शकाला विचारलं, एवढा जीव आहे तर हा तिला सोडून जातोच कशाला? दिग्दर्शकाने नीट समजावलं, की ती शत्रूची मुलगी, बापाला कळलं तर दोघांची धडगत नाही. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "तिना बापले कोनी इचारं का?"

तिच्या बापाला कुणी विचारलं का! सगळे हसले. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर सातपुड्यातल्या पाड्यावरचा एक पावरा आदिवासी मुलगा बसायचा. दोन वर्षं आमचं ठरलेलं होतं, आणि आबा काय म्हणतील हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी ते घोडीला खरारा करत होते तेव्हा सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी निघाले, तर धुतलेलं धोतर नेसून तेही बरोबर आले. धडगावहून जीपने त्या मुलाला घेऊन थेट त्याच्या पाड्यावर. त्याच्या आईने मला चुलीपाशी बोलावून घेतलं. बाहेर आबा अहिराणीत बोलत होते, त्याचे वडील पावरीत, आणि मधूनमधून दोघं मोठ्याने हसत होते. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा आबांच्या मांडीवर त्याच्या वडिलांनी भेट दिलेली आमचूरची पिशवी होती.

"लगन उन्हाळामा शे," ते मला म्हणाले. "रजाना अर्ज दी ठेव."

लग्नात सासरे पाड्यावरून ढोल घेऊन आले. आबांचे गुडघे दुखतात, तरी ते ढोल थांबेपर्यंत नाचले.