चार पायांचे थेरपिस्ट

मी जनावरांची डॉक्टर, शबाना समुपदेशक. प्राण्यांच्या सहवासाने माणसं सावरतात का, याचा अभ्यास आम्ही दोघी सांगली-साताऱ्यात करतो. अहवालाला एक वही पुरली. अहवालात न बसणाऱ्या गोष्टींनी तीन भरल्या!

*

माधवनगरजवळच्या एका दवाखान्यात परवानगी मागायला गेलो. सोबत आमची गावठी कुत्री, राणी. लसी, ट्रेनिंग, सगळं पक्कं. मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, इथे माणसांवर उपचार होतात!"

"सर, ती माणसांसाठीच आलीये," शबाना म्हणाली.

नकार! पुढच्या सोमवारी परत हजर. त्याच्या पुढच्याही. सातव्या सोमवारी वॉचमनच आत ओरडला, "सायेब, राणीबाई आल्यात!"

सही मिळाली.

*

विशेष मुलांच्या शाळेतली मुक्ता कुणाशी बोलायची नाही. राणीला मात्र पुस्तक वाचून दाखवायची, तेही कुजबुजत. एकदा राणी ऐकता ऐकता घोरायला लागली. आता मुक्ता रुसणार, असं मी शबानाला म्हणतेय, तोच मुक्ता माझ्याकडे वळली.

"हळू बोला! बाई झोपल्यात."

माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य. तेही दटावणीचं!

*

मेढ्याला व्याख्यान होतं. लाईट गेली, स्लाइड्स बंद. तरी मी हट्टाने माणूस आणि प्राण्यातलं नातं समजावत राहिले. पुढे बसलेल्या आजी उठल्या.

"आवं बाई, मी दोन दिस लेकीकडं गेले तर म्हशीनं दूध चोरलं, थेंब काढू दिला न्हाई. आमच्या मालकांनी कवा येतीस म्हून फोनबी केला न्हाई! आता नातं कुनाचं म्हनायचं?"

व्याख्यान तिथेच संपलं.

*

बिरूआप्पांचा जन्म मेंढरांमागे गेला. अर्धांगवायूनंतर ते कोरेगावला लेकीकडे आले. जीभ शाबूत, पण बोलणं सोडलेलं. उजवा हात थोडा हलायचा. व्यायामाचा चेंडू दिला की ते तोंड फिरवायचे. राणीलाही तीनदा तोंड फिरवून झालं.

"थांबायचं का?" शबानाने विचारलं.

"नाही. आपलं जनावर चुकलंय."

ओळखीच्या कळपातली एक मेंढी मी स्वतः तपासली, 'सर्व ठीक' असं लिहिलं आणि जीपमधून आणली.

आप्पा बघत राहिले. डाव्या हाताने त्यांनी तिचा कान धरला. मग उजवा हात मांडीवरून सुटला. थरथरत, घसरत तिच्या पोटाखाली गेला. कपाळावर घाम आला, तरी हात मागे घेईनात. लेकीने पदर तोंडात धरला.

हात थांबला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"डाक्टर," ते म्हणाले, "गाभन हाय ती. जीपमदनं कशाला आनली?"