सहापर्यंतची खोली

जगदाळेकाकू कुठल्याही अंगणवाडीत शिरल्या की आधी पदर खोचून सरळ फरशीवर आडव्या व्हायच्या. वर बघायच्या, कुशीवर वळायच्या, मग उठून सांगायच्या की ती लोंबणारी वायर आधी काढा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाईंना चक्कर आली असं वाटून पाणी आणायला धावले. त्या म्हणाल्या, "पाणी नको, हितं येऊन पड. पोरं दिसभर जे बघत्यात ते आपण एकदा तरी बघावं."

मी नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे जयपूरला आलेली आणि दुपारची रिकामी, म्हणून त्यांच्या मागे फिरू लागले. त्या साताऱ्याकडच्या. फौजेतला हवालदार नवरा इथल्याच छावणीतून निवृत्त झाला आणि दोघं इथेच राहिली. काकू अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या. झोटवाडा या त्यांच्या भागात सगळे त्यांना काकूजी म्हणत आणि त्यांच्या जिभेला टरकून असत.

तिथल्या कारखान्यांमागच्या गल्लीतली अंगणवाडी दुपारी बंद व्हायची आणि कारखान्यात राबणाऱ्या आयांची सुट्टी व्हायची सहाला. मधल्या वेळात तान्ही पोरं घरी, खाटेच्या पायाला ओढणीने बांधलेली. आया काही दुष्ट नव्हत्या. दारासमोरून ट्रक जायचे. काकूंनी वरच्यांशी भांडून ती खोली सहापर्यंत उघडी ठेवायची परवानगी आणली, पण तात्पुरती. खात्याचे साहेब येऊन बघणार आणि मग ठरवणार. "पोरगं काय दुपारपतुर मोठं होतंय व्हय?" हे वाक्य त्यांनी माझ्यावर मराठीत आणि साहेबलोकांवर हिंदीत पुष्कळ वापरलं.

साहेब आले त्या दुपारी खोली लख्ख होती, नको तितकी. पाहुणे येणार म्हणून सेविका सुमनने शेंबडी, रडकी, दुपटी ओली करणारी सगळी तान्ही ज्याच्या त्याच्या घरी पोचवून बाहेरून कड्या लावल्या होत्या. उरली ती कविता म्हणणारी मोठी मुलं. साहेब कविता ऐकून खूश झाले आणि म्हणाले, लहान बाळं तर नाहीतच, मग सहापर्यंत उघडं ठेवायचं कुणासाठी? सुमनचा चेहरा पडला. काकू तिला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. "चलिए साहब," त्या म्हणाल्या, "बच्चे दिखाती हूँ."

पलीकडच्या घराच्या दाराची कडी त्यांनीच काढली. आत दीडेक वर्षाची मुलगी खाटेला बांधलेली, रडून रडून दमलेली. साहेबांनी घाईने गाठीला हात घातला. काकूंनी तो धरला.

"खोल तो देंगे साहब. फिर रखेंगे कहाँ?"

साहेबांनी हात मागे घेतला. मग काकूंनीच गाठ सोडली, मुलीला कडेवर घेतलं आणि खोलीत आणलं; साहेब मागोमाग तिचं दुपटं घेऊन आले. परवानगी कायम झाली.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. दुपारी अंत्यविधी झाला तेव्हा छावणीतली थोडी माणसं होती आणि आम्ही दोन-तीन मराठी कुटुंबं. झोटवाड्यातून कोणीही आलं नाही. मला ते फार लागलं. परतताना मी रिक्षा तिकडेच वळवली. सुमन एक बाळ मांडीवर घेऊन दुसऱ्याला खिचडी भरवत होती. डोळे वाहत होते, पण हात थांबत नव्हता. आजचा दिवस बंद ठेवायचं होतंस, मी म्हटलं.

"माँओं को छुट्टी नहीं मिली, दीदी. आज ताला लगाती तो काकूजी को क्या मुँह दिखाती?"

मी चपला काढल्या आणि एक रडणारं पोर उचललं. सहा वाजायला अजून बराच वेळ होता.