समोरच्या बाईंची ओव्हनमधली खीर
सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, इंग्रजांना स्वयंपाक येतो. जायफळाचा वास आला की मला हे जाहीर करावंसं वाटतं, कारण हा शोध परदेशात, पासिर रिस या उपनगरात, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये लागला. तिथल्या इंग्रज बाई कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या आणि जाण्याआधी पुण्याहून आलेल्या माझ्या आईला एकदा तरी जेवू घालायचंच, असा त्यांनी ध्यास घेतला होता. “उकडलेल्या बटाट्यापलीकडे त्यांना काय येतं रे?” असं म्हणत आई पर्समध्ये लसणाच्या चटणीची डबी लपवूनच आली. चीज घालून भाजलेला फ्लॉवर आला, ओटच्या कुरकुरीत भाकऱ्या आल्या, आंबटगोड कैरीसारखं लागणारं रूबार्बही आलं. बाई प्रत्येक वेळी आशेनं आईच्या चेहऱ्याकडे बघायच्या. आई चवीपुरतं खायची, हसायची, पण हात पर्सवरच. शेवटी ओव्हनमधून तांदळाची खीर निघाली. वर किसलेलं जायफळ आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली तांबूस साय. “लहानपणी आम्ही भावंडं या कडेसाठी भांडायचो,” बाई मला इंग्रजीत म्हणाल्या आणि त्यांनी चमचा तिकडे वळवला. आज आई पुण्यातही खीर ओव्हनमध्येच करते. त्या दिवशी मात्र तिनं माझ्या भाषांतराची वाटही पाहिली नाही. पर्स माझ्या मांडीवर टाकून तिनं भांडं स्वतःकडे ओढलं आणि ओरडली, “अरे, सांग त्यांना, खरवड माझी!”