नळदुर्गच्या वहीत आजोबा

नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागली, तेव्हा आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिकडं निजामाचं राज्य म्हणून नव्हे. त्या गावात तिच्या बापानं दुसरं लग्न केलं होतं म्हणून. तिसऱ्या दिवशी माझी ट्रंक भरता भरता म्हणाली, "जातीयेस तर बघून ये, त्याची ती दुसरी पोरं कशी दिसत्यात."

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. आजोबा पोटासाठी कोकणातून नळदुर्गला आले आणि त्यांनी तेलाचा घाणा टाकला. शनिवारी घाणा बंद, एवढंच काय ते गावाला वेगळं दिसायचं. बाकी गाव त्यांना तेलीच समजे. आई पाच वर्षांची असताना आजी तिला घेऊन सोलापूरला आली आणि सगळ्यांना सांगितलं, नवरा बाटला, मुसलमानीण केली. आईला ते पटलं, कारण तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. टोप्या घातलेली माणसं, अत्तराचा वास, फुलांनी झाकलेली डोली. कुणीतरी तिला कडेवर घेऊन हातावर गुळाचा खडा ठेवला होता. "बापाच्या लग्नाचा गूळ खाल्लेली बाई मी," असं ती चारचौघांत सांगायची.  आजीनं मरेपर्यंत काकणं उतरवली नाहीत.

दवाखान्यातल्या बाळंतपणांची नोंद द्यायला मला कचेरीत जावं लागे. तिथलं दफ्तर सगळं उर्दूत, आणि ते सांभाळणारे कारकून म्हातारे मुसलमान गृहस्थ. त्यांच्या ओळखीनं मी आधी काझींकडची निकाहाची वही बघून घेतली. आजोबांचं नाव नव्हतं. मला संतापच आला. थेरं केली ती केली, निदान लिहून तरी ठेवायची. दोन महिने मी त्या लग्नाच्या मागं लागले होते, दुसरं काही शोधायचं डोक्यातच आलं नाही.

शेवटी कारकूनच कंटाळले. "बाई, एकदा मौतीची वही तरी बघू," म्हणाले.

यहुदी असा रकानाच नव्हता. तेल्यांत बघितलं, नव्हते. चहा थंड होईतो ते पानं उलटत राहिले आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "आडनाव तर तुमी सांगता तेच हाय. पन जात मुसलमान लिवलीय." आजोबांचं नाव आमच्यात असतं तसं मुसलमानांतही असतं. आडनाव मात्र कोकणातल्या आमच्या गावावरून पडलेलं. धंदा, तेलाचा घाणा. मौतीचं कारण, पटकी. खबर देणार, मयताची बायको. आणि पुढं नाव आजीचं.

मी त्यांना ती ओळ तीनदा वाचायला लावली. साल बघितलं, तर आजी सोलापूरला आली तेच.  म्हणजे आजोबा कुठं गेलेच नव्हते. ते मेले होते, आणि आजीला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

कारकुनांनी वही मिटली नाही. "अब्बा सांगायचे त्यो घाणेवाला ह्योच," ते हळू म्हणाले. "माझे अब्बा मयताला गुसल घालायचे, म्हंजे आंघोळ. त्यांनी लई वेळा सांगितलेलं. पटकीत लई माणसं चालली हुती. तेली मंडळींनी ह्याचं बी सरण रचलं. तर त्याच्या बायकुनं अब्बांपुढं पदर पसरला. म्हनली, जाळू देऊ नका, आमी मुसलमान हाव. अब्बांना कळलं ती खोटं बोलतीय. कलमा कुठं येत हुता तिला? पन म्हनले, बाई न्हाऊ घालून मातीत ठेवा यवढंच मागतीय. तसंच लिवून घेतलं."

आमच्यात मयताला आग लावत नाहीत. आणि त्या गावात आमचं दुसरं घर नव्हतं, दफनभूमी नव्हती, प्रार्थनेला लागतात ती आमची दहा माणसं कुठून येणार? सगळं कळत होतं मला. तरी आजीचा इतका राग आला की ती समोर असती तर मी तिला गदागदा हलवलं असतं. सोलापूरच्या आमच्या लोकांना "मुसलमानांच्या कबरस्तानात ठेवून आले" हे सांगायची तिला लाज वाटली, म्हणून तिनं जन्मभर नवऱ्याला पळपुटा ठरवलं. आणि आईला बापाचा राग करू दिला.

रविवारी मी सोलापूरला गेले. आई तांदूळ निवडत होती. मी सांगत गेले, तिचा हात चालू राहिला. गुसलापर्यंत आले तेव्हा थांबला.

"म्हंजे ती डोली..."

"जनाजा होता, आई."

 ती म्हणाली, "मी आणखी गूळ मागितला हुता गं. त्या माणसानं दिला बी. माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, आन् त्यो रडत हुता. मी म्हनलं, लग्नात कशाला रडतोय ह्यो."

तिनं सूप बाजूला सारलं, दोन्ही हातांनी चोळीचा गळा धरला आणि फाडला, आमच्यात मयताची बातमी आल्यावर फाडतात तसा. मग पाटावरून उठून खाली जमिनीवर बसली, आणि मला म्हणाली, "दार उघडं ठेव. सात दिवस लोक येतील."